हाकेचे नाव

मागल्या वर्षीच्या २६ जानेवारीची गोष्ट. शाळेच्या पटांगणावरील झेंडावंदन आटोपून आम्ही निवासाकडे परतत होतो. चर्चच्या पायरीवर आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध आजी बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे अधू, तरी मिस्सा चुकवायची नाही हा त्यांचा नेम. त्या दिवशी मात्र मिस्सा संपून तास उलटला तरी त्या घरी गेल्या नव्हत्या. नातवाचा मोबाईल पदराखाली धरून त्या आमची वाट पाहत होत्या.

“फादर, जरा इकडं या. अवशी म्हंजी काय हो?”

“कोण अवशी, आजी?”

“आमची नात, मेलबर्नची. आता फोनवर तोंड दाखवीत व्हती. हातात येवढुसा झेंडा. मला वाटलं आपलाच, आज सव्वीस जानेवारी हाय म्हणून. तर म्हनती कशी, आजी, आजपासून आम्ही अवशी झालो! अवसंला तर ती जल्मली बी नव्हती. मग ह्ये अवशी कुठून आलं?”

आणि मग आवाज खाली आणून त्यांनी मनातील खरी गोष्ट विचारली. “पोर बाटली तर न्हाई ना, फादर?”

आम्हास हसू येत होते, पण आजींचा चेहरा पाहून ते ओठांवरच विरले. ‘बाटणे’ हा शब्द ज्या घराने दोन पिढ्या निमूटपणे ऐकून घेतला, त्याच घरातील म्हातारीच्या तोंडून तो नातीविषयी भीतीने बाहेर पडावा, हे काही विनोदाचे नव्हते. आजींच्या सासऱ्यांना गावात कोणी नावाने हाक मारीत नसे. चांगल्या मनःस्थितीत लोक त्यांना ‘मिशनवाला’ म्हणत. बिनसले की ‘बाटगा’. या दोन शब्दांच्या मध्ये त्यांचे आयुष्य गेले. नवे नाव चिकटले म्हणजे काहीतरी हातचे गेले, हा धडा आजी त्या घरात शिकल्या होत्या.

आम्ही पायरीवर त्यांच्याशेजारी बसलो आणि जमेल तसे समजावून सांगितले. आजींची लेक परिचारिका. शिक्षण संपवून आधी आखातात गेली, तेथून पती व मुलीसह ऑस्ट्रेलियास. त्या दिवशी त्या तिघांना त्या देशाचे नागरिकत्व मिळाले. आपला प्रजासत्ताकदिन आणि त्यांचा ‘ऑस्ट्रेलिया डे’ एकाच तारखेस येतात. त्या दिवशी तेथील नगरपालिकांमधून नव्या नागरिकांचा शपथविधी होतो. मुलांच्या हाती लहानसे झेंडे देतात, पुष्कळ ठिकाणी तिकडच्या मातीतील एखादे रोपटेही देतात. ‘ऑसी’ हे ऑस्ट्रेलियन माणसाचे घरगुती, लाडाचे नाव. आपण नगर म्हणतो तसेच. आमच्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, पण एसटीच्या रांगेत उभा असलेला माणूस आधीही ‘नगर’च म्हणत असे आणि आताही ‘नगर’च म्हणतो.

आजींनी सारे ऐकून घेतले. मग विचारले, “पण ह्ये नाव ठिवलं कुनी?”

हा प्रश्न आमच्या मनात वर्षभर घोळत राहिला. मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत केवळ एका मात्रेचे अंतर आहे. बारशाला आत्या नाव ठेवते. चावडीवर लोक नावे ठेवतात. टोपणनाव हा प्रकार या दोहोंच्या बरोबर सीमेवर उभा असतो. ते केव्हा इकडचे आणि केव्हा तिकडचे, हे शब्दकोशात पाहून कळत नाही.

आधी उच्चाराचे पाहू. आपल्या वृत्तपत्रांत ‘ऑसी’ असे छापतात, पण ते लोक स्वतः मधल्या अक्षराचा उच्चार ‘झाड’मधल्या झसारखा, जीभ दातांशी नेऊन करतात. येथे मराठी जिभेची पंचाईत होते. ‘माझा’ म्हणताना आपण तो झ सहज उच्चारतो. ‘माझी’ म्हणताना ईकार येताच झ मऊ होऊन टाळूला लागतो. म्हणून ‘ऑझी’ हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी एक तर सकाराकडे घसरतो, नाही तर ‘माझी’च्या वळणावर जातो. आजींच्या कानाने त्याची अवस केली, यात त्यांचा दोष नाही.

शब्द तसा फार जुना नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तो छापील मजकुरात दिसू लागला. सैनिकांच्या बोलण्यातून तो रूढ झाला. लांब शब्दाचे शेपूट तोडून त्यास ईकार लावायचा, ही त्या लोकांची खोडच आहे. न्याहारी म्हणजे ‘ब्रेकफास्ट’, तिचे ‘ब्रेकी’. डास म्हणजे ‘मॉस्किटो’, त्याचे ‘मॉझी’. आपल्याकडे हेच काम ‘या’ हा प्रत्यय करतो. गणपतचा गण्या, रमेशचा रम्या, अंतोनचा अंत्या. आईच्या तोंडी ‘अंत्या’ म्हणजे जीव की प्राण. सावकाराच्या तोंडी तोच ‘अंत्या’ म्हणजे हलकट. प्रत्यय एकच, अर्थ मात्र ज्याच्या तोंडी त्याचा.

आमच्या वाचकांना, विशेषतः आमच्या भगिनींना, या खोडीचा एक नमुना ऐकून गंमत वाटेल. ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या संत मेरी मॅकिलोप यांना १७ ऑक्टोबर २०१० रोजी रोम येथे संतपद घोषित झाले. गरिबांच्या मुलांना शिकविण्यासाठी त्यांनी स्थापन केलेला संत जोसेफच्या भगिनींचा संघ तेथे ‘जोईज’ या नावाने ओळखला जातो. पूर्वीच्या तपकिरी झग्यावरून ‘ब्राऊन जोईज’. जोसेफचे लघुरूप ‘जोई’, आणि कांगारूच्या पिशवीतल्या पिलालाही तेथे ‘जोई’ म्हणतात. ज्या मेरीबाईंना १८७१ साली त्यांच्याच बिशपांनी ख्रिस्तसभेतून बहिष्कृत केले आणि पुढील वर्षी तो बहिष्कार मागे घेतला, त्यांच्या लेकींना लोकांनी कांगारूच्या पिलाचे नाव द्यावे आणि त्यांनी ते हसत मिरवावे, हे आम्हास फार आवडते. बिशपांनी बाहेर काढले, लोकांनी पिशवीत घेतले!

कांगारू म्हटले की आपली क्रीडापाने आठवतात. मराठी वार्ताहर ऑस्ट्रेलियाच्या संघास ‘कांगारू’ म्हणतात आणि न्यूझीलंडच्या संघास ‘किवी’. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबाद येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आपला संघ हरला, त्या रात्री आमच्या धर्मग्रामातील तरुणांनी कांगारूंचा जो उद्धार केला तो या त्रैमासिकात छापण्याजोगा नाही. त्याच क्षणी मेलबर्नमध्ये आजींची नात कोणाच्या बाजूने होती, हा प्रश्न तेव्हा आम्हास सुचला नाही. कांगारू या शब्दाविषयी एक कथा सांगतात. गोऱ्यांनी त्या प्राण्याकडे बोट दाखवून नाव विचारले आणि तेथील मनुष्याने ‘मला कळत नाही’ असे उत्तर दिले, तेच नाव समजले गेले. कथा रंजक आहे, पण खोटी. १७७० साली कॅप्टन कुकच्या मंडळींनी गूगू यिमिथिर या आदिवासींच्या भाषेतून टिपलेला तो शब्द त्या प्राण्याच्या एका जातीचे खरेखुरे नाव आहे. मूळ रहिवाशाला काही कळत नव्हते, असे मानणे गोऱ्यांना सोयीचे होते, म्हणून ती कथा चालली.

‘ऑसी’च्या आधी त्या देशात दुसरी नावे होती, आणि ती दुसऱ्यांनी ठेवलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी वसाहतीत जन्मलेल्या मुलांना ‘करन्सी’ म्हणत, तर इंग्लंडातून आलेल्यांना ‘स्टर्लिंग’. म्हणजे एक स्थानिक चलनातले हलके नाणे, आणि दुसरे अस्सल. न्यू साउथ वेल्समधील उंच, सडपातळ पोरांना ‘कॉर्नस्टॉक’, म्हणजे मक्याची ताटे म्हणत. त्या पोरांनी ‘करन्सी’ हे नावही कालांतराने अभिमानाने घेतले. आयरिश कॅथलिकांना ‘मिक’ म्हणून हिणवीत. आणि त्या काळी तेथील कॅथलिक बहुतेक आयरिशच होते. तेव्हा आपले धर्मबंधू तेथेही नावे ठेवून घेणाऱ्यांच्याच रांगेत उभे होते. ‘ऑसी’ मात्र त्या लोकांनी स्वतःला स्वतः म्हणून घेतलेले नाव. आजींच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर.

येथेच थांबलो असतो तर आजींना बरे वाटले असते. पण स्वतः घेतलेल्या नावालाही दार असते, आणि ते आतून बंद करता येते. ‘ऑसी’ सैनिकांच्या तोंडी रुळत होता त्या काळात तेथे गोऱ्या ऑस्ट्रेलियाचे धोरण होते. १९०१ च्या कायद्याने नकोशा माणसास युरोपातील कोणत्याही भाषेत श्रुतलेखन घालून परत पाठविता येत असे. १९३४ साली एगॉन किश नावाच्या प्राग येथील लेखकास अशीच परीक्षा दिली. त्यास अनेक भाषा येत असल्याने अखेर स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत श्रुतलेखन घातले! न्यायालयाने ते पुढे रद्द ठरविले, ही गोष्ट वेगळी. आमच्या आजींच्या लेकीस त्या काळी कोणती भाषा घातली असती कोण जाणे. ते धोरण १९७३ साली पुरते संपले. आदिवासींची गणना देशाच्या लोकसंख्येत न करण्याचे कलम तर १९६७ च्या सार्वमतापर्यंत घटनेत होते. ज्यांच्या पूर्वजांनी कांगारूला नाव दिले ते स्वतः मोजलेच जात नव्हते. २६ जानेवारी ही १७८८ साली इंग्रजांचे पहिले गलबतांचे पथक सिडनीस उतरल्याची तारीख. १९३८ साली आदिवासींनी त्याच तारखेस सिडनीत शोकदिन पाळला. आजही त्यांच्यातील पुष्कळांना तो दिवस सणाचा वाटत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटली व ग्रीस या देशांतून आलेल्यांना सरकारी भाषेत ‘न्यू ऑस्ट्रेलियन’ म्हणत आणि रस्त्यावर ‘वॉग’. त्या शिवीचे पुढे काय झाले पाहा. १९८७ साली स्थलांतरितांच्या घरांतील नटमंडळींनी तोच शब्द आपल्या विनोदी नाटकाच्या नावात घातला आणि ते नाटक धो धो चालले. २०२१ च्या जनगणनेत तेथील परदेशी जन्मलेल्या रहिवाशांत इंग्लंडच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागला आहे. त्या लाखोंमध्ये आमची नऊ वर्षांची नात आहे, आणि तिला कोणी श्रुतलेखन घातले नाही. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नसल्याने तिचा भारतीय पासपोर्ट मात्र परत करावा लागला. ही बाब आम्ही आजींना त्या दिवशी सांगितली नाही. सांगावयास हवी होती काय, हे आम्हास अजून ठरविता आलेले नाही.

त्या महायुद्धाचा, म्हणजे पहिल्या, आमच्या नगरशीही एक धागा आहे. नगर जिल्ह्यातील आपले मिशन जर्मन येशूसंघीयांनी उभारले. केंदळहून १९०३ साली ‘निरोप्या’ सुरू करणारे फादर हेन्री डोरिंग त्यांतलेच. ते पुढे पुण्याचे बिशप झाले. आमच्या लोकांच्या तोंडी ते सारे ‘जर्मन फादर’ होते, आणि त्यात आदराशिवाय दुसरे काही नव्हते. १९१४ साली युद्ध पेटले आणि इंग्रजी वृत्तपत्रांत जर्मन माणूस ‘हूण’ झाला. कैसर विल्हेल्मने १९०० साली चीनकडे निघालेल्या सैन्यापुढे हूणांचे उदाहरण दिले होते, ते शत्रूंनी त्याच्याच गळ्यात बांधले. नगरच्या छावणीत शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून जर्मनांना कोंडले गेले. आपल्या मिशनच्या जर्मन धर्मगुरूंपैकी काही नजरकैदेत गेले आणि बहुतेकांना मायदेशी धाडण्यात आले. तिकडे दक्षिण ऑस्ट्रेलियात १९१७ साली कायदा करून जर्मन गावनावे पुसली. हानडॉर्फ नावाच्या गावाला आपले जुने नाव परत मिळण्यास १९३५ साल उजाडावे लागले. एकाच युद्धात एका लोकसमूहास लाडाचे नाव लाभले आणि दुसऱ्याचे चांगले नाव शिवी झाले. आमच्या खेड्यातील माणसांस मात्र हूण ठाऊक नव्हते. ती पुढेही ‘जर्मन फादर कधी येणार’ असेच विचारीत राहिली, असे आमच्या वडिलांकडून आम्ही ऐकले आहे.

आता आमचे स्वतःचे सांगितले पाहिजे; कारण दुसऱ्यांच्या नावांवर एवढे बोलून स्वतःचे लपविणे बरे नव्हे.

सेमिनरीत आम्ही प्रथम गेलो तेव्हा पिशवीत दोन पायजमे, एक जपमाळ आणि आईने बांधून दिलेल्या बाजरीच्या भाकरी व शेंगदाण्याची चटणी होती. सोबत्यांत मुंबईचे, गोव्याचे, मंगळूरचे तरुण होते. त्यांचे इंग्रजी झरझर, आमचे ठेचकाळत. तिसऱ्या दिवशी फुटबॉलच्या मैदानावर एका मुंबईकर सोबत्याने हाक दिली, “ए घाटी, पास दे!” सगळे हसले. शब्दकोश काढून पाहिला तर घाटी म्हणजे घाटावरचा, सह्याद्रीच्या माथ्यावर राहणारा. आम्ही घाटावरचेच आहोत. त्यात खोटे ते काय? ऑस्ट्रेलियात राहणारा ऑसी, घाटावर राहणारा घाटी. तरी त्या रात्री आम्हास झोप आली नाही. त्या शब्दात डोंगर नव्हता. त्यात भाकरीचा वास होता, ठेचकाळणारे इंग्रजी होते, आणि ‘तू आमच्यासारखा कॅथलिक नव्हेस, नंतर आलेला आहेस’ असेही काहीतरी होते. गावात आम्ही मिशनवाले होतो म्हणून उपरे, आणि मिशनच्या माणसांत आलो तर घाटी म्हणून उपरे.

आम्ही काय केले? चार महिन्यांत इंग्रजी सुधारले आणि सूडही शिकलो. त्या सोबत्याचे आजोबा मूळचे गोव्याचे, बोटीवर आचारी. एके दिवशी भोजनगृहात, सर्वांसमक्ष, आम्ही त्यास ‘माकापाव’ म्हटले. मुंबईत गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला हिणविण्याचा हा शब्द त्याच्या घराने किती वर्षे झेलला होता, याची आम्हास कल्पना नव्हती असे म्हणणे लबाडीचे ठरेल. कल्पना होती, म्हणूनच तो निवडला. तो काही बोलला नाही. हातातला पाव त्याने ताटात ठेवला आणि उठून गेला. तीन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. चौथ्या दिवशी पापनिवेदनासाठी रांगेत उभे राहिलो तर पुढे तोच उभा. दोघांनाही हसू फुटले, आणि मागचे फादर रागावले.

पुढे आमच्या दीक्षाविधीस तो गावी आला. टेम्पोतून उतरताच गर्दीत आम्हाला पाहून त्याने खच्चून हाक मारली, “ए घाटी!” मांडवात एकदम शांतता पसरली. आमचे मामा बाह्या सरसावून उठले. ज्या दिवशी भाचा धर्मगुरू झाला त्याच दिवशी त्यास कोणी घाटी म्हणावे! मामांना आवरता आवरता आमच्या नाकी नऊ आले. “मामा, त्याला परवानगी आहे,” असे आम्ही म्हणालो, पण ही परवानगी कोणी, केव्हा, कशी दिली हे त्यांना समजावून देणे आम्हास जमले नाही. आजही जमत नाही. तो मित्र अजून आम्हास घाटी म्हणतो; अन्य कोणी म्हटल्यास आमच्या कपाळाची शीर उठते.

इतके सोसून आम्ही शहाणे झालो असू, असे वाचकांस वाटेल. आम्हासही तसेच वाटत होते.

काही वर्षांपूर्वी आमची नेमणूक उसाच्या पट्ट्यातील एका धर्मग्रामात होती. दिवाळीनंतर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीडकडून, पाथर्डीकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात आणि रानात कोप्या घालून राहतात. आपल्या भागातील वाचकांना ठाऊकच आहे की तोडणी करणाऱ्या जोडप्यास ‘कोयता’ म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटे माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. नाताळच्या सुमारास थंडी कडक पडली, म्हणून आम्ही ब्लँकेटे वाटण्याचे ठरविले आणि मुकादमास विचारले, “किती कोयते आहेत?” तो म्हणाला, “अठरा, आन् एक अर्धा.” आम्ही वहीत व्यवस्थित लिहिले: १८॥.

वाटपाच्या संध्याकाळी आम्ही वही उघडून एकेक जोडपे पुढे बोलाविले. शेवटी म्हणालो, “आता तो अर्धा कोयता कुठे आहे?” कोपीच्या अंधारातून एक विधवा बाई पुढे आली. कडेवर मूल, हाताला चिंधी बांधलेली. ती ब्लँकेट घेईना. म्हणाली, “अर्धी न्हाई वो, फादर. ह्ये धरून दोन हाओत.”

तिच्या आवाजात राग नव्हता. हिशेबातली चूक दाखवावी तसा तो होता. आम्ही तिचे नाव विचारले. तिने स्वतःचे, नवऱ्याचे आणि गावाचे असे पूर्ण नाव सांगितले, मग मुलाचेही. आम्ही ते लिहून घेतले. मग पुन्हा पहिल्या जोडप्यापासून सुरुवात करून प्रत्येकाचे नाव विचारले, तेव्हा कळले की मुले धरून तेथे सत्तरांच्या वर माणसे होती आणि आम्ही एकोणीसच ब्लँकेटे आणली होती. ती वही अजून आमच्याजवळ आहे. ज्यास ‘घाटी’ या शब्दाने झोप आली नाही, त्याने कोणत्याही कटुतेशिवाय, सेवेच्या भरात, माणसास अवजाराचे नाव दिले होते, आणि वर त्याचे अर्धे केले होते. निदान ‘माकापाव’ म्हणताना आपण वाईट करीत आहोत हे तरी आम्हास ठाऊक होते!

‘ख्रिस्ती’ हे नावही बाहेरच्यांनीच ठेवलेले आहे, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. प्रभूचे अनुयायी स्वतःला शिष्य, बंधू, किंवा ‘मार्गा’चे लोक म्हणत. अंत्युखियात त्यांना प्रथम ख्रिस्ती हे नाव पडले, असे प्रेषितांच्या कृत्यांत अकराव्या अध्यायात नमूद आहे. आख्ख्या नव्या करारात हा शब्द केवळ तीन वेळा येतो, आणि त्यातील एकदा तो अग्रिप्पा राजाच्या तोंडी आहे. संत पेत्राने आपल्या पत्रात त्या नावाची लाज बाळगू नका असे सांगितले, त्यावरून ते नाव ऐकून मान खाली घालणारे लोक असले पाहिजेत, हे उघड आहे. ‘जेजुइट’ हा शब्दही आरंभी टोमणाच होता. आणि प्रभूने स्वतः शिमोनास खडकाचे नाव दिले, जबदीच्या दोघा तापट पोरांना गर्जनेचे पुत्र म्हटले. त्यात थट्टा नव्हतीच असे आम्हास तरी वाटत नाही. पण ती एका ताटात जेवणाऱ्याची थट्टा होती.

आजींना हे सारे आम्ही सांगितले नाही. तेव्हा एवढेच म्हणालो, “आजी, ते नाव त्या लोकांनी स्वतःचे स्वतः ठेवले आहे. आता त्यात आपली पोर घेतली.”

“घेत्यात ना पण? का नुसतं म्हनायला?”

याचे उत्तर मेलबर्नच्या शाळेच्या पटांगणावर मिळणार, नगरात नव्हे. तसे आम्ही कबूल केले.

या नाताळात लेक, जावई आणि नात गावी आली. तिकडे तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते. नात्याळची मिस्सा संपली आणि चर्चमागच्या मोकळ्या जागेत पोरांनी क्रिकेट मांडले. आजी स्वेटर घालून, शाल पांघरून खुर्चीवर बसलेल्या. मामेभावांनी त्या मुलीला पहिल्याच षटकात ‘कांगारू’ करून टाकले. “ए कांगारू, बॉल आण!” आमचे पाय आपोआप तिकडे वळले, मध्ये पडावे की पडू नये, याचा विचार चालला होता. मुलगी चेंडू घेऊन आली आणि तिच्या अर्ध्यामुर्ध्या मराठीत म्हणाली, “कांगारू नाय. ऑझी.” झ अगदी दातांवरचा. पोरांनी तो म्हणून पाहिला, कोणाला जमेना. एक जण म्हणाला ऑशी, एक औजी. ती प्रत्येकाला थांबवून दुरुस्त करू लागली. खेळ बाजूलाच राहिला.

“आणि तुम्ही काय?” तिने विचारले.

पोरे एकमेकांकडे पाहू लागली. कोणी म्हणाले इंडियन, कोणी नगरकर, एक चिमुरडा म्हणाला “आम्ही मिशनचे.” त्याने तो शब्द असा उच्चारला, जणू मिशन हे एखाद्या मोठ्या गावाचे नाव असावे.

आजींनी खुर्चीवरून हाक दिली, “ए अवशे! ऊन झालं, टोपी घाल.” मुलीने मागे वळून ओरडून सांगितले की अवशी नव्हे, ऑझी. आजींना आता कमी ऐकू येते. त्यांनी पुन्हा तीच हाक दिली, आणि दुसऱ्या हाकेला ती टोपी घ्यायला पळत आली.